हाजींचे विमान आणि टायरमधली हवा

शिरूर-दौंड भागातून कोणी हजला निघाले की आपण गळाभेट घेतो, हार घालतो, दुआ करायला सांगतो. 1995 पर्यंत मुंबईहून जहाजानेही हजला जात असत. आता सगळा प्रवास विमानाचा. ते विमान कोण तपासतो, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. इतिहासातले दोन अपघात हाच प्रश्न विचारतात.

पहिला आपल्या मुंबईतला. 12 ऑक्टोबर 1976 च्या रात्री इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान सांताक्रूझहून मद्रासला निघाले. उड्डाण होताच उजवे इंजिन फुटले. वैमानिकाने विमान माघारी वळवले, पण धावपट्टीच्या अलीकडेच ते कोसळले. विमानातले सर्व 95 जण गेले. मल्याळम अभिनेत्री राणी चंद्रा त्यांत होत्या. कारण होते इंजिनातल्या एका फिरत्या चकतीला गेलेला तडा. तार पुन्हापुन्हा वाकवली की एकाच जागी तुटते, तसा धातूही थकतो. चकतीचे तुकडे उडाले, इंधनाने पेट घेतला आणि विमानाचा ताबा सुटला. असा तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा अपघात जेद्दाहचा, 11 जुलै 1991. हज करून नायजेरियातल्या सोकोटोला परतणारे हाजी एका कॅनेडियन कंपनीच्या डीसी-8 विमानात बसले होते. टायरमध्ये हवा कमी होती, आणि हे मेकॅनिकना आधीच माहीत होते. टायरमध्ये भरायचा नायट्रोजन लगेच मिळेना आणि वेळापत्रक मोडायचे नव्हते, म्हणून विमान तसेच सोडले. धावताना एका कमी हवेच्या टायरचा भार शेजारच्या टायरवर गेला. तो फुटला, मग दुसराही. घर्षणाने आग लागली. चाके पोटात घेतली तेव्हा आगही आत गेली. केबिनची जमीन जळाली आणि काही प्रवासी आकाशातच खाली पडले. 261 पैकी एकही वाचला नाही. टायरच्या दाबाचे नोंदीतले आकडे बदलले होते, हे चौकशीत उघड झाले.

दोन्हीकडे माणसे सारखीच मेली, पण दोष सारखा नाही. मुंबईत तडा दिसला नव्हता. जेद्दाहमध्ये उणीव दिसली होती, ती कागदावर झाकली गेली. दौंड जंक्शनवर हातोडीने चाके ठोकून आवाज ऐकणारा कामगार अनेकांनी पाहिला असेल. त्याला वेगळा आवाज आला आणि त्याने वहीत ‘ठीक’ लिहिले, तर ती हातोडी काय कामाची?

आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरोसा ठेवा, ही शिकवण आपण मुलांना देतो. विमानात मात्र उंटाची दोरी प्रवाशाच्या हातात नसते. आपल्या वतीने ती दुसराच कोणी बांधतो. त्याची सही ही अमानत आहे. खोटा आकडा लिहिणे म्हणजे अमानतीत खयानत, मग लिहिणारा कोणत्याही धर्माचा असो.

प्रवाशाच्या हातात थोडेच उरते, तेवढे तरी करावे. हजच्या प्रशिक्षण शिबिरात एहराम, तवाफ शिकवतात. तिथेच दहा मिनिटे काढून शिकवावे: पट्टा कसा सोडायचा, आपल्या आसनापासून सर्वांत जवळचा दरवाजा किती रांगांवर आहे, आणि बाहेर पडताना सामान का सोडून द्यायचे. आपले बुजुर्ग पहिल्यांदाच विमानात बसतात. हे त्यांना समजावून सांगणे आपले काम आहे.