शिष्यवृत्तीतली शिल्लक

माझी नोकरीची सगळी वर्षे जमाखर्चाच्या वह्यांत गेली. त्यामुळे स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मला आठवणींच्या आधी एक हिशेब सुचला. आपल्या मेळाव्यानिमित्त शाळेतल्या गरजू मुलामुलींसाठी मदतनिधी जमतो आहे. तयारीच्या बैठकीत एका मित्राने विचारले, "दिलेल्या पैशांतून पोराकडे काही उरले, तर ते परत घ्यायचे की नाही?" त्या दिवशी विषय तसाच राहिला. पण प्रश्न जुना आहे आणि त्याचे धागे आपल्या वळसंगपर्यंत येतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला येऊन गेले, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. दलित वस्तीतल्या माणसांनी कष्टाने खणलेली, त्यांच्या हस्ते खुली झालेली विहीर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. हेच बाबासाहेब विद्यार्थी असताना दुसऱ्याच्या मदतीवर शिकत होते. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना सयाजीराव गायकवाड महाराजांकडून त्यांना महिना 25 रुपये मिळत. 1913 साली अमेरिकेला जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर झाली. त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला.

या साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कचा खर्च भागवायचा होता, शिवाय मुंबईला घरीही पैसे पाठवायचे होते. तरी पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तिथे सुमारे 2000 जुनी पुस्तके जमवली. पुढे ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके घेऊन निघालेले जहाज पाणतीराने बुडाले. नुकसानभरपाईचे 600 रुपये मिळाले. त्यातले काही त्यांनी घरखर्चाला रमाबाईंकडे दिले आणि उरलेल्या पैशांत नोकरीवर हजर होण्यासाठी बडोद्याची गाडी पकडली.

जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला हा हिशेब फार बोलका वाटतो. पैसा हातात कुठल्याही वाटेने आला, तरी त्याला घर आणि शिक्षण असे दोनच वाटेकरी होते. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा तर प्राध्यापकीच्या पगारातली बचत, शाहू महाराजांनी दिलेले 1500 रुपये आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले 5000 रुपयांचे कर्ज, असे सगळे एकाच पिशवीत होते. त्यातली मदत कुठली संपली आणि बचत कुठली उरली, हे कोण सांगणार?

पुढे मदतीचे रूप बदलत गेले. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढले. तिथे मुलांना जेवण, कपडे, वह्या-पुस्तके मिळत. अशा मदतीत रोख शिल्लक राहायचा प्रश्नच नसतो. 1944 साली मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. 1959 साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासांना फी माफी दिली. आपण तिला ईबीसी म्हणायचो. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायचा, फॉर्म भरायचा आणि फी माफ व्हायची. माझे शिक्षण त्याच सवलतीवर झाले. पैसा आमच्या हातात कधी आलाच नाही.

ज्यांना सरकारी शिष्यवृत्ती होती, त्यांचे दोन भाग असत. फीचा भाग कॉलेजला जाई आणि निर्वाह भत्ता विद्यार्थ्याला मिळे. आपल्यातले बरेचजण दहावीनंतर एसटीने सोलापूरला, संगमेश्वरला किंवा दयानंदला जात होते. भत्त्याचा चेक येईपर्यंत बहुधा परीक्षा तोंडावर आलेली असे. कोणी त्यातून खानावळीची उधारी फेडली, कोणी धाकट्या बहिणीला पुस्तके घेतली, एकाने टायपिंगच्या परीक्षेची फी भरली. कागदावर ती शिल्लक दिसली असती. खरे तर ते आधीच झालेल्या किंवा पुढे ढकललेल्या खर्चाचे पैसे होते.

नियमही समजून घेण्यासारखा आहे. भत्ता कशावर खर्च केला याच्या पावत्या विद्यार्थ्याकडे मागत नाहीत. मात्र वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडले, तर घेतलेली रक्कम परत मागण्याचा अधिकार सरकारला आहे. कॉलेजकडे वाटप न झालेली रक्कम राहिली तर ती चलनाने सरकारजमा करावी लागते, आणि 31 मार्चपर्यंत खर्च न झालेली सरकारी तरतूद व्यपगत होते. म्हणजे कचेरीत उरलेला पैसा मागे जातो. विद्यार्थ्याच्या हातात पोचलेला, तो शिकत राहिला तर, त्याचाच होतो.

आता पैसे थेट बँक खात्यात येतात. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत 2021 पासून केंद्राचा 60 टक्के वाटा फीसकट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतो. त्यामुळे खात्यात दिसणारी सगळी रक्कम आपली नसते, त्यात कॉलेजची फीही असते. ती आधी वेगळी काढावी, हे घरच्यांना समजावून सांगणारा कोणी तरी लागतो. आपल्या तुकडीतले अनेकजण शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी आहेत. पैशांइतकीच ही मदतही देता येईल.

म्हणून त्या मित्राला माझे उत्तर असे आहे. आपण दिलेल्या मदतीतून मुलाकडे चार पैसे उरले, तर ते परत मागू नयेत आणि पावत्याही मागू नयेत. मूल शाळेत येत आहे ना, एवढेच दरवर्षी बघावे. निधीच्या वहीत आपल्याकडे जी रक्कम शिल्लक राहील, तिला मात्र 31 मार्च लावू नये. ती पुढच्या वर्षीच्या मुलाच्या नावाने पुढे ओढावी. गुरुजनांनी आणि वर्गमित्रांनी मेळाव्याच्या दिवशी यावर मोकळेपणाने बोलावे, एवढीच विनंती.