बंदी उठली म्हणून स्पर्धा परत येईल का?

एखादी गोष्ट बंद का पडली, हा प्रश्न संशोधनाला घेताय? मग आधी ती सुरू का झाली होती ते विचारा. फिगर स्केटिंगचंच बघा. व्यावसायिक स्पर्धा पुन्हा सुरू व्हाव्यात असं जुन्या चाहत्यांना फार वाटतं.

1948 आणि 1952 चे ऑलिंपिक विजेते डिक बटन यांनी 1980 पासून अमेरिकेत लँडओव्हरला व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा भरवली. तेव्हा नियम असा की पैसे घेऊन शो केले की ऑलिंपिकचं दार बंद. म्हणजे ऐन भरात असलेले विजेते मोकळे, पण स्पर्धेविना. बटन यांनी नेमकं तेच हेरलं.

1994 मध्ये नॅन्सी केरिगनवर हल्ला झाला आणि अमेरिका टीव्हीला खिळली. त्यातच सीबीएसच्या हातून एनएफएल फुटबॉलचे हक्क फॉक्सकडे गेले होते. रिकाम्या वेळेत स्केटिंग भरलं गेलं. मग अति झालं, लोक कंटाळले, स्पर्धा संपल्या. ही गोष्ट सगळे सांगतात. खोटी नाही, पण अर्धीच आहे (आणि अर्धी गोष्ट प्रबंधात फार सहज खपते, सांभाळा!).

उरलेली अर्धी आंतरराष्ट्रीय महासंघाकडे, म्हणजे आयएसयूकडे सापडते. 1995 पासून त्यांनी बक्षिसाची रक्कम असलेली स्वतःची मालिका सुरू केली. क्रिस्टी यामागुची 1992 चं सुवर्ण जिंकून व्यावसायिक झाली होती. मिशेल क्वानला मात्र तसं करायची गरजच उरली नाही. पैसेही मिळाले, ऑलिंपिकही राहिलं. व्यावसायिक स्पर्धेचा कच्चा मालच आटला.

आता शक्यतेचं बोलू. दुबईतल्या एका खासगी स्पर्धेत उतरलो तर आजीवन बंदी येईल, म्हणून दोन डच स्पीड स्केटर्सनी तक्रार केली. 2017 मध्ये युरोपियन कमिशनने आयएसयूचे हे नियम स्पर्धा कायद्याविरुद्ध ठरवले. डिसेंबर 2023 मध्ये युरोपियन न्यायालयानेही ते मान्य केलं. चाहते लगेच खूश! पण हा निकाल आयोजकासमोरचा अडसर काढतो, प्रेक्षक आणून देत नाही. शिवाय बटन यांचा धंदा त्या बंदीवरच तर उभा होता.

मला जपान ओपनचा नमुना जास्त टिकाऊ वाटतो: 2006 पासून सांघिक रूपात, आजचे आणि निवृत्त खेळाडू एकाच संघात. कुणाला पुढे जायचं असेल तर 1993 ते 2000 ची टीव्ही वेळापत्रकं काढा आणि शेजारी त्याच वर्षांतल्या बक्षिसांच्या रकमा मांडा. आधी काय घसरलं, प्रक्षेपण की खेळाडूंची आवक, ते तिथे दिसेल.