न छापलेल्या ग्रंथाचे ग्राहक

ग्रंथ हाती पडण्यापूर्वीच त्याचे मूल्य मोजणारा ग्राहक ही मुद्रणकलेने निर्माण केलेली एक विलक्षण व्यक्ती होय. बाजारात भेंडी घेणारा मनुष्य ती मोडून पाहतो. सोनाराकडे जाणारा कसोटीचा दगड मागतो. परंतु जो ग्रंथ अद्याप पुरता लिहूनही झालेला नाही, ज्याचा कागद गिरणीतून बाहेर पडलेला नाही, त्यासाठी पदरचे पैसे देऊन केवळ एक पावती जपून ठेवणारा हा गृहस्थ कशाच्या आधारावर व्यवहार करतो, हा प्रश्न माझ्यासारख्या वकिली पेशाच्या मनुष्यास स्वाभाविकच पडतो. तो पडण्यास निमित्त मात्र माझ्या भाच्याने पुरविले.

आमचे घर मुरारला. लष्कर, जुने ग्वाल्हेर आणि मुरार ही ह्या शहराची तीन अंगे. मुरार ही मूळची इंग्रजांच्या आधिपत्याखालील फौजेची छावणी. १६ जून १८५८ रोजी सर ह्यू रोझने ती बंडवाल्यांकडून घेतली आणि १८८६ साली किल्ल्याबरोबर ती शिंदे दरबाराकडे आली. मराठी वस्ती मुख्यतः लष्करात. इकडे आमच्यासारखी तुरळक घरे. १९६१ साली कुसुमावती देशपांडे ह्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरीस भरले, कविवर्य भास्कर रामचंद्र तांबे ह्यांनी येथेच देह ठेवला, हे सर्व खरे. तथापि मराठी पुस्तक घरी येणार ते टपालानेच, हे आमच्या घरातील तीन पिढ्यांचे गृहीत आहे.

मागील दिवाळीच्या सुटीत भाचा आला होता. रात्री जेवणे आटोपल्यावर तो आपला संगणक घेऊन माझ्याजवळ बसला व म्हणाला, "मामा, आज पैसे भरले तर फासे मिळतात. प्रकाशनाच्या दिवशी भरले तर नुसते पुस्तक."

"कसले फासे?"

"पडद्यावरचे. हे फासे नंतर विकत मिळत नाहीत."

मी चकित झालो. पुढे त्याने जे समजावून सांगितले ते असे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार पेट्यांची, आणि त्याही हाताने जुळविलेल्या. चार-सहा गडी मेजाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होऊन कथा पुढे नेतो, आणि प्रसंगाचा निकाल फाशांवर ठरतो. त्या फाशांत वीस बाजूंचाही एक असतो. आपल्याकडे सारीपाट होता, मोक्षपट होता, आणि सभापर्वातील द्यूताची आठवण तर कोणास करून द्यावयास नकोच. तेव्हा फाशांनी मनुष्याचे दैव ठरविण्याची कल्पना आपणांस परकी वाटू नये. आता ह्या खेळाचे नियमग्रंथ कागदावर तसेच पडद्यावरही विकले जातात. २०२२ साली हॅस्ब्रो कंपनीने त्याची संगणकीय पेढी चौदा कोटी त्रेसष्ट लाख डॉलरांना विकत घेण्याचा सौदा जाहीर केला, ह्यावरून व्यापाराचा आवाका ध्यानी येईल. नवा ग्रंथ निघण्याच्या महिना-दोन महिने अगोदर मागणी नोंदविणाऱ्यास काही जादा देणगी मिळते: रंगीत फासे, पात्राच्या चित्राभोवतीची चौकट, कधी इतरांच्या आधी ग्रंथ उघडण्याची मुभा. ज्या फाशांस वजन नाही, जे हातात खुळखुळत नाहीत, त्यांसाठी शहाणीसुरती मुले आगाऊ पैसे भरतात!

माझा पहिला अभिप्राय, हे सारे पोरखेळ आहेत, असाच होता. परंतु त्या रात्री जो जो विचार केला तो तो मला असे दिसू लागले की, आपल्या ग्रंथव्यवहाराचा निम्मा इतिहास ह्याच पोरखेळावर उभा आहे.

विलायतेत ही प्रथा जुनी. १६१७ साली जॉन मिन्श्यू ह्याने आपल्या बहुभाषिक कोशास ग्राहकांची छापील यादी जोडली. पुढे शंभर वर्षांनी कवी पोप ह्याने होमरच्या 'इलियड'चे भाषांतर सहा भागांत, दर भागास एक गिनी ह्या दराने, सुमारे पावणेसहाशे ग्राहकांच्या आगाऊ आश्रयावर काढले आणि त्यात सुमारे पाच हजार पौंड मिळविले. राजेरजवाड्यांच्या दारी न जाता लेखणीवर स्वतंत्रपणे जगता येते हे त्याने दाखवून दिले. डॉक्टर जॉन्सनची गोष्ट निराळी. शेक्सपिअरच्या नाटकांच्या आवृत्तीसाठी त्याने १७५६ साली वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला व पुढल्या वर्षाअखेर ग्रंथ देण्याचे वचन दिले. ग्रंथ निघाला १७६५ साली. ग्राहकांची यादी का छापीत नाही असे विचारता, नावे हरवली आणि पैसे संपले, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे बॉस्वेल सांगतो. असे उत्तर आजच्या ग्राहक आयोगापुढे कोणी देऊन पाहावे!

आपल्याकडे छापखाना आला तेव्हा मोठ्या ग्रंथाचा पोशिंदा बहुधा सरकार असे. १८६९ साली तुकोबांच्या अभंगांची जी गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली तिच्यासाठी मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये दिले होते. तिच्या दोन संपादकांपैकी एक शंकर पांडुरंग पंडित हे सावंतवाडी संस्थानातील बांबुळीचे सारस्वत. ह्याच पंडितांनी १८७६ साली 'वेदार्थयत्न' हे मासिक काढून ऋग्वेदाचे मराठी व इंग्रजी भाषांतर अंकाअंकाने देण्यास आरंभ केला, तेव्हा आश्रय पाहिला तो वर्गणीदारांचा. वेद संपूर्ण होण्यापूर्वीच ते मासिक थांबले. एकाच विद्वानाच्या हातून, सात वर्षांच्या अंतराने, एक कार्य सिद्धीस गेले व दुसरे अर्धवट राहिले. वेदार्थासारख्या विषयाला आमच्या समाजात वर्गणीदार किती मिळणार, हे उघडच आहे; पण दोष केवळ वर्गणीदारांचा असे मी म्हणत नाही. ऋग्वेदाची दहा मंडले एका माणसाने, सरकारी नोकरी सांभाळून, पुरी करावयाची हा संकल्पच आयुष्याहून मोठा होता.

मधल्या काळात टपालखात्याने दोन सोयी केल्या व त्यांनी हा व्यवहार पालटून टाकला. १८७७ साली व्ही. पी. आली आणि १८८० साली मनिऑर्डर. ह्या दोन सोयी दिसावयास जुळ्या बहिणी, पण स्वभाव अगदी उलट. व्ही. पी.त पुस्तक आधी व पैसे नंतर. धोका प्रकाशकाचा, कारण ग्राहकाने पार्सल परत फिरविले की जाण्यायेण्याचा खर्च त्याच्या माथी. मनिऑर्डरीत पैसे आधी व पुस्तक नंतर, धोका ग्राहकाचा. मग ग्राहकाने मनिऑर्डर का करावी? तर त्यास काही तरी अधिक मिळाले पाहिजे. येथेच 'प्रकाशनपूर्व सवलत' ह्या शब्दप्रयोगाचा जन्म आहे असे मी समजतो. किंमत कमी, टपालखर्च माफ, आणि पुष्कळ जुन्या पुस्तकांत आढळणारी ती शेवटली पाने: 'आश्रयदात्यांची नावे'. आपल्या देवळांच्या सभामंडपात संगमरवरी फरशीवर देणगीदारांची नावे असतात, त्यांतलाच हा प्रकार. शिखर चढण्यापूर्वी ज्याने दिले त्याचे नाव फरशीवर येते. नंतर येऊन कितीही दिले तरी त्या फरशीवर जागा नाही. नाव छापण्यास प्रकाशकास खर्च जवळ जवळ शून्य, आणि ग्राहकास मात्र ते अमोल, कारण ते पुन्हा मिळणे नाही. भाच्याचे रंगीत फासे ह्याहून निराळे काय आहेत?

ह्या पद्धतीचा आपल्याकडील भव्य प्रयोग डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांचा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरी मिळवून आलेल्या ह्या मनुष्याने महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढण्याचे मनात आणले तेव्हा त्यांच्यामागे ना संस्थान, ना सरकार. त्यांनी नागपुरास लिमिटेड मंडळी स्थापली, भाग विकले, आणि गावोगाव वर्गणीदार मिळविण्याचा उद्योग केला. मराठीत तोपर्यंत विद्वान झोळी घेऊन फिरत. केतकरांनी झोळीच्या जागी कंपनी कायदा आणला, हे वकील म्हणून मला विशेष कौतुकाचे वाटते. १९२० ते १९२९ ह्या काळात तेवीस खंड निघाले. पहिले पाच प्रस्तावनाखंडच! ज्यास 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतचा कोश हवा होता त्या वर्गणीदाराच्या हाती प्रथम वेदविद्या आणि जगाचा इतिहास पडला. कित्येकांनी कपाळाला आठ्या घातल्या असतील; पण ग्रंथ पुरा झाला, आणि वचन पाळले गेले. ह्या खटाटोपाची हकीकत केतकरांनी स्वतःच 'माझे बारा वर्षांचे काम' ह्या नावाने १९२७ साली लिहून ठेविली आहे.

दुसरे उदाहरण आपल्या गोमंतकाचे. सत्तरी महालातील आंबेडे गावचे पंडित महादेवशास्त्री जोशी ह्यांनी पुण्यास बसून 'भारतीय संस्कृतिकोश' रचला. पहिला खंड १९६२ साली, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर अल्पावधीतच निघाला आणि दहावा १९७९ साली. शास्त्रीबोवांपाशी इंग्रजी विश्वविद्यालयाची पदवी नव्हती. पत्नी सुधाताई १९५५ साली म्हापशास सत्याग्रह करून पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेलेल्या. अशा घराने सतरा वर्षे दहा खंडांचे ओझे वाहिले ते मोठ्या भांडवलावर नव्हे. लोकांनी खंड हाती येण्यापूर्वी पैसे दिले, आणि ते दिले ते शास्त्रीबोवांकडे पाहून. पुढे १९७५ च्या सुमारास 'ग्रंथाली'ने हीच रीत चळवळीच्या रूपाने चालविली व १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' तिच्यामार्फत वाचकांपुढे आले.

आता कायद्याकडे वळतो. वाचकांनी कंटाळू नये, थोडक्यात सांगतो. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या सहाव्या कलमान्वये, जो माल अद्याप अस्तित्वातच नाही त्याची 'विक्री' होत नसून केवळ विक्रीचा करार होतो. म्हणजे आगाऊ पैसे देणारा ग्राहक ग्रंथाचा मालक नव्हे, वचनाचा धनी होय. आणि ती जादा देणगी? ती खरोखर फुकट असते काय? १९५९ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एक गमतीचा खटला आला. एका चॉकलेट कंपनीने तीन वेष्टने व दीड शिलिंग पाठविणाऱ्यास गाण्याची तबकडी देऊ केली होती. वेष्टने कंपनी फेकूनच देई. तरीही ती किंमतीचाच भाग आहेत, असा निवाडा झाला. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही, जी वस्तू फुकट म्हणून दाखविली पण जिची किंमत सौद्यातच वसूल केली, तो प्रकार अनुचित व्यापारप्रथेत मोडतो. भाच्यास मी हे सांगितले. त्याने शांतपणे विचारले, "पण मामा, फासे माझे तरी आहेत का?"

प्रश्न मार्मिक होता. कागदी खंड एकदा घरी आला की प्रकाशक त्यातील पान बदलू शकत नाही. पडद्यावरच्या ग्रंथाचे तसे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ह्याच खेळाच्या चालकांनी, ग्राहकांच्या नोंदींतील २०१४ सालचे मंत्र व वस्तू काढून त्यांच्या जागी नवे नियम घालण्याचे जाहीर केले. गिऱ्हाइकांनी एवढा गिल्ला केला की काही दिवसांतच तो बेत मागे घ्यावा लागला. वसूल झालेल्या पैशांच्या वस्तूसाठी ओरड करावी लागावी, ह्यातच तिच्या मालकीचे स्वरूप उघड होते. मी त्यास म्हटले, "बाबा, तुला परवाना मिळाला आहे, माल नव्हे." तो म्हणाला की हे त्यास ठाऊक होते. पैसे त्याने तरीही भरले.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात एक पावती आहे हे मला आठवत होते. १९७८ सालची, एका संकल्पित चरित्रग्रंथमालेची. प्रकाशकाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तो उद्योग केव्हाच बुडाला. चाळीस रुपये, सहा खंडांसाठी, आणि आगाऊ भरणारास संतांच्या चित्रांचा एक संच भेट. चित्रांचा संच आला. आमच्या देवघराच्या भिंतीवर त्यातले एकनाथमहाराज अद्याप आहेत. खंड एकही आला नाही. वडील दर वर्षी एक कार्ड टाकीत; प्रथम उत्तरे येत, मग येईनाशी झाली. आई चिडे, पण वडील इतकेच म्हणत की मोठ्या कामास वेळ लागतो.

भाच्याने पावती उजेडाकडे धरून पाहिली व अजून दावा लावता येईल का असे विचारले. मोबदला निष्फळ ठरल्यास दिलेले पैसे परत मागण्याची मुदत तीन वर्षांची, असे मी त्यास सांगितले. ती मुदत मोजावयाची तो मोबदला निष्फळ ठरल्याच्या दिवसापासून. तो दिवस कोणता, हे तो विचारू लागला. मी पुष्कळ आठवून पाहिले. वडिलांचे शेवटचे कार्ड १९९१ सालचे होते, आणि त्यात त्यांनी बदललेला पत्ता कळविला होता, म्हणजे खंड जुन्या घरी जाऊ नयेत.