पाठीवरचं ओझं कोण ठरवतं?



बचत गटाची बैठक सुटली की गुडघ्यावर हात टेकून, 'आई गं' म्हणत उठणाऱ्या बायका आम्ही दर महिन्याला पाहतो. कंबर दुखते म्हटलं की उत्तरं तयार असतात : वय झालं, बाळंतपणं झाली, वाकायची पद्धत चुकली. पण कंबरदुखीला इतिहासही आहे. त्यातला मोठा भाग आमच्या नवी मुंबईशी जोडलेला आहे. आज तोच सांगणार आहोत.

तुमच्या शेतातला कांदा वाशीच्या ज्या घाऊक बाजारात येतो, तिथे तो उतरवतात माथाडी. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. हा बाजार पूर्वी मुंबईत मशीद बंदर भागात होता. सातारा, पुण्याकडच्या घाटावरच्या गावांतून आलेली माणसं तिथे शंभर-शंभर किलोची पोती पाठीवर घेत. नोंद नाही, मजुरीची हमी नाही. पाठ गेली की काम गेलं, आणि माणूस गावी परत.

पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांना एकत्र केलं. त्यांनी स्वतःही मुंबईत हमाली केली होती. त्या लढ्यातून 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्य निर्वाह निधी, औषधोपचार या गोष्टी हमालाला मिळू लागल्या. 1980 च्या दशकात कांदा-बटाट्याचा आणि पुढे धान्य, भाजी, फळांचा बाजार नवी मुंबईत आला. माथाडीही इथे आले. अलीकडच्या काळात त्यांच्या संघटनांनी ठणकावून सांगितलं, 50 किलोहून जड गोणी उचलणार नाही. पाठ तीच होती. बदललं ते पोतं, आणि तेही एकजुटीमुळे.

आता डॉक्टरांकडे वळू. 1960 च्या दशकात स्वीडनच्या नाकेमसन या डॉक्टरांनी माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला. आडवं पडल्यावर तो कमी होता. पुढे वाकून ओझं धरलं की खूप वाढत होता. तेव्हापासून 'गुडघ्यात वाका, ओझं अंगाजवळ धरा' हा सल्ला जगभर दिला गेला. सल्ला चांगलाच आहे. पण उचलायची पद्धत नुसती शिकवून कंबरदुखी टळते, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही. ओझंच जास्त असेल तर पद्धत किती पुरणार?

दुसरा सल्ला मात्र पार उलटला. पूर्वी कंबर धरली की आठवडाभर पडून राहा म्हणत. 1986 साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, की सात दिवस पडून राहण्याने दोन दिवसांपेक्षा जास्त फायदा होत नाही. 1995 साली फिनलंडमध्ये आढळलं, की झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवणारे लवकर बरे होतात. म्हणजे हालचाल ही कंबरेची वैरी नाही. एकाच स्थितीत तासन्‌तास राहणं आणि न झेपणारं ओझं, हे खरे त्रासाचे.

मग आपल्या ओझ्याचं काय? 1970 साली सिडको आली, त्याआधी बेलापूर-पनवेल पट्ट्यात भातशेती आणि मिठागरं होती. लावणीला दिवसभर वाकून चिखलात राहणाऱ्या आगरी बायकांच्या कंबरेची नोंद कुठल्या मंडळाने ठेवली? 1948 च्या कारखाना कायद्याने बाईने किती वजन उचलावं याची मर्यादा ठरवायचा अधिकार सरकारला दिला. 1967 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही सांगितलं, की बाईचं ओझं पुरुषापेक्षा बरंच कमी हवं. पण घर आणि शेत म्हणजे कारखाना नव्हे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 15 लिटरच्या हंड्याच्या दहा खेपा म्हणजे नुसत्या पाण्याचे दीडशे किलो, भांड्याचं वजन वेगळंच. ते कुणी मोजत नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

तर पुढच्या बैठकीला वजनकाटा आणा. हंडा, सरपणाची मोळी, चाऱ्याचा भारा मोजा आणि आकडे गटाच्या वहीत लिहा. मग ठरवा : कुठला भारा दोन करायचा, कुठल्या खेपा घरातल्या पुरुषांनी घालायच्या, गटाच्या पैशातून हातगाडी घ्यायची का, नळासाठी ग्रामसभेत अर्ज कधी द्यायचा. लावणी-निंदणीत अर्ध्या तासाने उभं राहून कंबर सरळ करा. दुखलं तरी थोडं थोडं चालत राहा.

मात्र पायाला बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप आला किंवा पडल्यानंतर कंबर दुखू लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माथाडींनी आधी ओझं मोजलं, मग ते कमी करायला लावलं. आपणही मोजण्यापासून सुरुवात करू.