कुळाचा लिहिणारा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिवस्याच्या बाजारपेठेतून एक फेरी मारावी. दुकानादुकानांत लाल कापडी पुठ्ठ्याची नवी वही मांडलेली असते, पहिल्या पानावर 'श्री' काढलेली असते, वर हळदकुंकू. हल्ली शेजारी संगणकही मांडतात आणि त्यालाही झेंडूचे फूल वाहतात. पूजा वहीची, वही लिहिणाऱ्याला मात्र पेढ्यावर समाधान मानावे लागते. निदान त्याच्या नावाची तरी आज वास्तपुस्त करू.

मराठीत त्याला नावे उदंड. कुळकरणी, पटवारी, फडणीस, हिशेबनीस, मुनीम, आणि आता लेखापाल. काम सारे आकड्यांचे. पण यांतल्या बहुतेक नावांच्या पोटात मोजणारा नव्हे, लिहिणारा दडला आहे. 'कुळकरणी'च घ्या. कुळ म्हणजे सारा भरणारे शेतकरी घर, आणि करण म्हणजे लेख, दस्तऐवज. हा 'करण' मोठा जुना. देवगिरीच्या यादवांच्या पदरचा हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, 'श्रीकरणाधिप' होता. राज्याचे दप्तर त्याच्या हाती. तेलुगू मुलखात गावच्या हिशेबनीसाला 'करणम्' म्हणत, आणि ओडिशात 'करण' नावाची लेखकांची जातच आहे.

पुढे फारसी आली. 'नवीस' म्हणजे लिहिणारा, त्याचा आपण 'नीस' केला. फडणीसाचा संबंध लोक फडाशी जोडतात, पण मूळ शब्द 'फर्दनवीस'. फर्द म्हणजे यादीचा कागद. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेक केला तेव्हा मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव झाला, आणि रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करवून घेण्यात आला. तरी फारसी शब्द चिवट. शंभर वर्षांनी पुण्याचा सारा कारभार ज्याच्या मुठीत होता, तो नाना फडणीसच!

आमच्या वऱ्हाडात परगण्याचा देशपांडे आणि गावचा पटवारी. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेले. त्याच सुमारास अबुल फज़लने ऐन-इ-अकबरीत पटवाऱ्याविषयी लिहून ठेवले, की हा कुळाच्या बाजूने जमाखर्च लिहिणारा, आणि त्याच्यावाचून गाव नाही. कुळाच्या बाजूने! कुळकरणी या शब्दातही पहिले अक्षर कुळाचेच आहे. मग हा माणूस कुळाला परका केव्हा झाला?

एका दिवसात नव्हे. वतन मिळाले, दप्तर घराण्यात राहिले, आणि ज्याला अक्षर येत नाही त्याच्या नावावर काय चढले हे एका घरालाच ठाऊक, असे झाले. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) आमच्या कापसाला सोन्याचा भाव दिला. १८६७ पर्यंत आगगाडी नागपुरास पोहोचली. कापसाच्या पेढ्यांवर मुनीम बसला. या शब्दाचीही मौज आहे. अरबी 'मुनीब' म्हणजे आपल्या जागी दुसऱ्याला नेमणारा, अर्थात धनी. आपल्याकडे नेमलेल्या नोकरालाच ते नाव चिकटले. अडाणी शेतकऱ्याला मात्र धनी कोण आणि नोकर कोण याने फरक पडत नव्हता. अंगठा दोघांच्याही वहीत सारखाच उमटे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारी चिडलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली. मला त्यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते: त्यांचा रोख कर्जखतांवर आणि वह्यांवर होता, कागद जाळायचे होते. वाचता येत नव्हते, म्हणूनच जाळले. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ साली, आणि त्याचे फटके कुळकरण्यालाही बसले. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापुरात कुळकर्णी वतने मोडून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात कायदा झाला १९५० साली. कुळकर्णी उरले ते आडनावापुरते. शाळेच्या हजेरीपटावर ते मी पुकारतो, 'हजर' म्हणणाऱ्या पोराला कुळही ठाऊक नसते आणि करणही.

वर्षभर आधी, १९४९ साली, सनदी लेखापालांचा कायदा झाला होता. सनद अरबी, लेखा संस्कृत. जोडी छान जमली आहे. गावात आता सातबारा मोबाइलवर दिसतो. वतनाचा पटवारी गेला, सरकारी कागदावर तलाठी आला, पण आमच्याकडचा शेतकरी धुऱ्यावरून निघताना अजून सांगतो, "पटवाऱ्याकडं जाऊन येतो."