बेण्याची पारख : खानदेशच्या केळीची जुनी-नवी हकीकत



शिरपूर तालुक्यातल्या एका कापूसवाल्या भावाने आमच्या शेतकी कार्यक्रमाला प्रश्न पाठवला आहे. विहिरीला पाणी बरे लागले, ठिबक बसवले, आता दोन एकर केळी लावायची हौस आहे. पण घरात आजवर कुणी केळी लावलेली नाही. तेव्हा रोपे घ्यावीत की कंद, आणि घ्यावेत कुणाकडून? रावेर-यावलच्या माणसाला असा प्रश्न पडत नाही, त्याच्या घरात तीन पिढ्या केळीच आहे. धुळे-नंदुरबारकडच्या नव्या बागायतदाराला मात्र तो पडतो, आणि पडलाच पाहिजे.

दोन ओळींत उत्तर देता आले असते. पण केळीच्या बेण्याचा इतिहास ठाऊक नसला की ते उत्तर नुसते कानावरून जाते. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

आपण खातो त्या केळीला बी नसते. ज्वारीचे, कपाशीचे बी दर साली नवे होते. केळीत आईच्या बुडाशी पील फुटते तेच पुढचे झाड. म्हणजे बेणे विकत घेताना तुम्ही त्याची आई, आजी, पणजी सगळी विकत घेता; गुण घेता आणि त्यांचा रोगही घेता. हे एवढे ध्यानात ठेवा, पुढचे सारे यावरच आहे.

आपली बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी, नांदेडकडची अर्धापुरी, आणि आताची ग्रँड नैन ही सगळी एकाच घराण्यातली भावंडे. शास्त्रात या घराण्याला कॅव्हेंडिश म्हणतात. हे नाव एका इंग्रज सरदाराचे, आणि ते पडले तेही रोपे विकत घेण्याच्या हौसेपायीच. ही केळी मूळची दक्षिण चीनकडची. तिथून ती मॉरिशस बेटावर गेली आणि 1829 च्या सुमारास दोन-चार रोपे इंग्लंडात पोचली. डेव्हनशायरचा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश याच्या बागेवर जोसेफ पॅक्स्टन नावाचा मोठा हुशार माळी होता. त्याने एका रोपवाटिकेतून एक रोप घेतले, काचेच्या उबदार घरात वाढवले आणि 1835 च्या नोव्हेंबरात त्याला कमळ फुटले. बर्फाच्या मुलखात केळीचा घड! प्रदर्शनात पदक मिळाले, मालकाचे नाव वाणाला लागले. पुढे जॉन विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याबरोबर तिचे कंद पॅसिफिकमधल्या सामोआ बेटाकडे गेले, आणि तिथून आसपासच्या बेटांवर पसरले. आपली बसराई त्या सरदाराच्या बागेतून आली असा याचा अर्थ नाही. वाण एकच, पण पोचण्याच्या वाटा निरनिराळ्या. जगभर ही केळी माणसाच्या हातातल्या कंदातूनच फिरली, वाऱ्याने किंवा पाखराने नव्हे.

खानदेश पूर्वी एकच जिल्हा होता. 1906 साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले; पूर्व म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे, आणि त्यातूनच 1998 साली नंदुरबार वेगळा निघाला. तापीकाठची काळी कसदार जमीन, विहिरींचे पाणी आणि भुसावळवरून जाणारी रेल्वे, या तिन्हींमुळे केळी पूर्वेकडे जास्त रुजली. रावेर, सावदा, निंभोरा या स्टेशनांवरून केळीच्या वाघिणी भरून दिल्लीकडे जात. मृगबाग आणि कांदेबाग हे शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी आहेत.

त्या काळी बेण्याला कारखाना नव्हता, पावती नव्हती, पण पारख होती. जुने जाणते शेतकरी कंद घ्यायला जात ते कंद बघायला नव्हे, बाग बघायला. बाग निसवणीला आली की एक चक्कर, घड पोसले की दुसरी. कुठल्या झाडाचा घड कसा, हे पाहून मगच पील ठरायचे. पील तीन-चार महिन्यांचे, पाने तलवारीच्या पात्यासारखी अरुंद, कंद बुडाशी भरलेला, वजन अर्धा ते पाऊण किलो. लहानपणीच रुंद पाने काढणारे पील दिसायला टवटवीत असते, पण त्याचा आईशी सांधा कच्चा आणि कंद पोकळ. ते घेत नसत. कंद तासून पाहायचा, आत तांबूस-तपकिरी डाग दिसला की बांधावर फेकायचा. हे ज्ञान पुस्तकातले नव्हे, पण बिनचूक होते. आजही कुणी कंदच लावणार असेल तर त्याला याहून वेगळे मी काही सांगणार नाही.

पण या पारखीला एक गोष्ट दिसत नव्हती. तिचे नाव हरण्या.

हरण्या म्हणजे पानावर शिरांच्या बाजूने फिकट पिवळे पट्टे, पान वेडेवाकडे, पोंगा सडतो, झाड खुरटते, घड पडलाच तर विकण्याजोगा नसतो. जुन्या मुंबई राज्यातल्या या रोगावर कामत आणि पटेल या वनस्पतिरोगशास्त्रज्ञांनी 1951 साली लिहून ठेवले आहे. म्हणजे हे दुखणे नवे नाही. त्याचे कारण एक विषाणू, काकडीवर्गीय पिकांतल्या केवडा रोगाचाच. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. पण एका गावाहून दुसऱ्या गावी कोण नेतो? आपणच नेतो, कंदाच्या पोत्यातून. रोगट आईचे पील काढतेवेळी बरेचदा हिरवेगार असते. मोठ्यात मोठा जाणताही तिथे फसतो, त्यात त्याचा दोष नाही.

अशीच गोष्ट ऑस्ट्रेलियात घडली, ती सांगण्यासारखी आहे. फिजी बेटावरून आणलेल्या कंदांबरोबर 1913 च्या सुमारास तिथे पर्णगुच्छ नावाचा दुसरा विषाणूरोग शिरला. दहा-बारा वर्षांत कित्येक खोऱ्यांतल्या बागा उजाड झाल्या, शेतकरी घरे सोडून निघाले. 1924 पासून मॅगी नावाचा तरुण शास्त्रज्ञ या कामाला लागला. रोग दोनच वाटांनी जातो, मावा आणि रोगट बेणे, हे त्याने दाखवून दिले. औषध काही सापडले नाही. मग सरकारने नियम केला : रोगट झाड दिसले की उपटायचे, आणि परवानगीवाचून कुणी बेणे हलवायचे नाही, लावायचे नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला चार पिले द्यायची तरी परवाना! लोक चिडले असतील, पण बागा परत उभ्या राहिल्या. तपासणीचे ते काम त्यांनी पुढे कधी सोडले नाही. आपल्याकडे असा नियम केला तर पहिल्या दिवशी मोर्चा येईल, हे मी जाणतो. तरी पण सांगतो.

आता नव्या रोपांकडे येऊ. झाडाच्या शेंड्याचा इवलासा कोंब काचेच्या बाटलीत, जंतूविरहित खाद्यावर वाढवून त्यातून शेकडो रोपे काढायची, ही ऊतिसंवर्धनाची रीत. 1962 साली मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी अशा वाढीसाठी लागणाऱ्या खाद्याचे प्रमाण बसवून दिले, ते जगभर चालले. केळीवर हे काम तैवानात 1970 च्या दशकात सुरू झाले. तिथे त्याची गरजही तशीच होती : पनामा रोगाची एक नवी जात जमिनीत शिरली होती.

पनामा रोग म्हणजे मर. बुरशी मुळांतून शिरते, खालची पाने कडेने पिवळी पडून देठात मोडतात आणि खोडाभोवती लोंबतात, खोड बुडाशी चिरते, कापून पाहिले तर आत तांबूस-तपकिरी रेघा. मध्य अमेरिकेत ग्रो मिशेल नावाच्या केळीचे मळेच्या मळे या रोगाने गेले, आणि 1960 च्या सुमारास तिथल्या कंपन्यांनी तो वाणच सोडला. त्याच्या जागी कोण आले? आपले कॅव्हेंडिश घराणे, कारण त्या बुरशीला ते दाद देत नव्हते. जग निश्चिंत झाले. पण तैवानात 1967 साली कॅव्हेंडिशलाच मर लागलेली दिसली. हीच ती चौथी जात, तिला आता टीआर-4 म्हणतात. 2013 साली ती आफ्रिकेत मोझांबिकला सापडली, 2019 साली दक्षिण अमेरिकेत कोलंबियाला. आणि आपल्या देशात? 2015 साली बिहारमध्ये कटिहारकडे ती दिसली. पुढे उत्तर प्रदेश, गुजरातेत सुरत आणि मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर इथून तिच्या नोंदी आल्या. बऱ्हाणपूर म्हणजे रावेरपासून हाकेच्या अंतरावर. ही बुरशी एकदा जमिनीत बसली की वर्षानुवर्षे तिथेच राहते, औषधाने निघत नाही. ती कंदाबरोबर येते, कंदाला चिकटलेल्या मातीबरोबर येते, ट्रॅक्टरच्या चाकाबरोबरही येते. म्हणून मी म्हणतो, सीमेपलीकडून स्वस्तात आलेली कंदांची गाडी गावात उभी राहिली तर तिच्याभोवती गर्दी करू नका.

आपल्या जळगावात ऊतिसंवर्धित केळी रुजली ती 1990 च्या दशकात. वाकोदच्या भवरलाल जैन यांच्या कंपनीने ग्रँड नैन हा वाण आणून रोपे करायला घेतली. (याच गृहस्थांनी 1978 साली केळीच्या भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढले होते. केळीची भुकटी चालली नाही, केळीची रोपे चालली!) बसराईला लागवडीपासून कापणीपर्यंत दीड वर्षाच्या आसपास लागायचे. ग्रँड नैन ठिबकावर आणि वेळेवर खत दिल्यास अकरा-बारा महिन्यांत कापणीला येते, आणि सारी बाग जवळजवळ एकदम निसवते. व्यापाऱ्याला हे सोयीचे, आणि शेतकऱ्यालाही.

नावाबद्दल एक गंमत सांगून टाकतो. आपण तिला जी-नाईन म्हणतो, पाकिटावरही तसे छापतात, आणि मग कुणी विचारतो की जी-आठ कुठे गेली? ग्रँड नैन हे फ्रेंच नाव, अर्थ मोठी बुटकी. त्यात नऊचा आकडा कुठेच नाही. तेव्हा जी-दहा म्हणून कुणी विकायला आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

बाटलीतले रोप बुरशी आणि सूत्रकृमी यांपासून मुक्त असते, हे खरे. पण ज्या आईचा कोंब घेतला तिच्यात विषाणू असेल तर तो बाटलीतूनही उतरतो. म्हणून आई तपासावी लागते. आपल्या देशात 2006 साली केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरणाची पद्धत घालून दिली. प्रयोगशाळेला मान्यता, रोपांची विषाणूतपासणी, वाणाची शुद्धता, आणि मग प्रमाणपत्राचे लेबल. दुसरी गोष्ट, एकाच कोंबापासून फार वेळा रोपे काढत गेले की बिघडलेली रोपे निघू लागतात : फार बुटकी, पानावर चट्टे. आठाच्या वर फेऱ्या करू नयेत असे शास्त्रज्ञ सांगतात. तैवानच्या संशोधन संस्थेने मात्र या बिघाडातूनच मर रोगाला टिकणारी काही झाडे निवडून काढली. तो शास्त्रज्ञांचा खेळ. तुमच्या-माझ्या वावरात बिघडलेले रोप म्हणजे खत-पाणी वाया.

2020 साली काय झाले ते जळगावकरांना सांगायला नको. ऑगस्टात ढगाळ हवा, सतत पाऊस, आणि रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर भागात हरण्या असा काही उसळला की दोन-अडीच महिन्यांच्या बागा लोकांनी उपटून बांधावर टाकल्या. बहुतेक बागा ऊतिसंवर्धित रोपांच्याच होत्या. तेव्हा एका बांधावर मी उभा होतो. त्या भाऊंनी मला एवढेच विचारले, "साहेब, रोपं तर बाटलीतली होती ना?" कोवळे ऊतिसंवर्धित रोप रसरशीत असते, मावा त्यावर लवकर बसतो. स्वच्छ रोप म्हणजे रोग न होणारे रोप नव्हे, हे आम्ही अधिकाऱ्यांनीच आधी नीट सांगितले नव्हते, ही आमची चूक. त्या बागेच्या एका अंगाला काकडी होती, दुसऱ्या अंगाला मिरची. दोन्ही या विषाणूची आश्रयाची घरे.

आता शिरपूरच्या भावाचे दोन एकर. सहा बाय पाच फुटांवर एकरी साडेचौदाशे, म्हणजे एकोणतीसशे रोपे लागतील. नांग्या भरायला शंभर-सव्वाशे जास्त. मागणी लागवडीच्या तीन-चार महिने आधी नोंदवावी, ऐन वेळी उरलीसुरली रोपे पदरात पडतात. रोपवाटिकेत स्वतः जावे. रोप फूटभराचे, पाच-सहा हिरव्या रुंद पानांचे, पिशवी उलटी केली तर मातीचा गोळा मुळांनी धरलेला हवा. सावलीतून नुकतेच काढलेले फिकट, लांबट रोप घेऊ नये, ते उन्हात करपते. शेजारी काकडी, भोपळा, टोमॅटो दिसला तर मुकाट्याने परत फिरावे. लेबल मागावे, पावतीवर प्रयोगशाळेचे नाव आणि तुकडीचा नंबर लिहून घ्यावा. "आमच्यावर विश्वास नाही का?" असे कुणी म्हणेल. विश्वास आहे, पण पावती द्या, असे म्हणावे.

वावरात आल्यावर पहिले चार महिने आठवड्याला एक फेरी घालावी, पट्टे दिसलेले रोप मुळासकट काढून पुरावे, त्या जागी नांगी भरावी. आणि आणखी एक. पहिल्या बागेचे पील पुढे पाहुण्यांना, सोयऱ्यांना द्यायची आपल्याकडे रीत आहे. कापणीआधी बाग एकदा केळी संशोधन केंद्राच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला दाखवा, मगच द्या. शिरपूरच्या भावाला जूनमध्ये लागवड करायची असेल तर त्याने फेब्रुवारीतच रोपवाटिका गाठावी.