चौकटीभोंवतालच्या शेजारणी

अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत, नदीनें तीन बाजूंनीं वेढलेलें जीज बेंड हें कृष्णवर्णीयांचें गांव आहे. गुलामांच्या या वंशजांच्या घरीं बायका जुन्या विजारी, सदरे, पिठाचीं पोतीं यांचे तुकडे जोडून गोधड्या करीत; आपल्याकडील वाकळेची ही सख्खी बहीणच. तुकडे जुळविणें हें जिचें तिचें काम. त्यांत दुसरीनें ढवळाढवळ करावयाची नाहीं. पण कापूस व अस्तर घालून गोधडी चौकटीवर ताणली, कीं शेजारणी जमत आणि धावदोऱ्याबरोबर भजनें व गाऱ्हाणीं चालत. बुद्धि स्वतःची आणि श्रमाला सोबत, ही वाटणी आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते.

हे लोक मतदारनोंदणीसाठीं धडपडूं लागले, तेव्हां १९६२ सालीं नदीवरची नाव बंद करण्यांत आली. ती २००६ पर्यंत पुन्हां सुरू झाली नाहीं. १९६६ सालीं आसपासच्या बायकांनीं 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. शहरांतील दुकानांकडून मागणी आली, पण त्यांना पाहिजेत एकाच नमुन्याच्या गोधड्या ! स्वतःची नक्षी मागें पडली म्हणून रसिक हळहळतात. आम्हीहि हळहळतों, परंतु मतदार म्हणून नांव नोंदविल्याबद्दल जमिनीवरून हुसकावलेल्या कांहीं कुटुंबांना याच संस्थेनें घरासाठीं जागा विकत दिली, हें कसें विसरावें?

२००२ सालीं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत जीज बेंडच्या गोधड्या चित्रांप्रमाणें भिंतीवर टांगल्या गेल्या. त्या घरच्या अंथरुणांतल्या होत्या, दुकानासाठीं शिवलेल्या नव्हेत.